अक्षरओळख (बालवाडीतील)

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना लिपीची चिन्हे आणि त्यांचे ध्वनी यांची सांगड घालायला शिकवणे. पूर्वी धुळाक्षरे गिरवून ती होई. महाराष्ट्रात गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये स्थापलेल्या नूतन बाल शिक्षण संघामुळे माँटेसरी पद्धतीचा प्रसार झाला. खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवणे हे तिचे ठळक साधन. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली.

मराठीत मुळाक्षरांच्या क्रमाऐवजी ग, म, भ, न असे आकारसाम्याचे गट घेण्याची पद्धत रुळली आहे. चारांनाही उजवीकडे काना असल्याने हाताला वळण लवकर बसते. ऱ्हस्व वेलांटी मात्र दगा देते: लिहायची आधी, उच्चारायची नंतर. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला ‘च’ही एक नव्हे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या टॉवेल-चादरींच्या औद्योगिक भागात अडचण वेगळीच. यंत्रमाग कामगारांच्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, काहींत कन्नड. ‘घ’ शिकवायला घराचे चित्र दाखवले, की एक मूल ‘इल्लु’ म्हणते, दुसरे ‘मने’. म्हणजे एकाला ‘इ’ ऐकू येतो, दुसऱ्याला ‘म’. ‘घ’ कुणालाच नाही. अशा वर्गात आधी मराठी शब्द तोंडी रुळवावा आणि मगच अक्षर दाखवावे, हेच योग्य. पाटी-पेन्सिलची घाई पालकांना असते, मुलांच्या बोटांना नसते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे.