आनंदीबाईंनी कोणती प्रवेश परीक्षा दिली होती?

१/ आज वैद्यकीय प्रवेश म्हटला की नीटचे गुण आणि कट-ऑफ डोळ्यांसमोर येतात. ठाण्याहून लोकलने अर्ध्या तासावरच्या कल्याणातील जोशी घराण्याची यमुना, म्हणजेच डॉ. आनंदीबाई जोशी, १८८३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. त्या काळी प्रवेशाची अट काय होती?

२/ प्रथम मुंबई पाहू. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. अध्यापन इंग्रजीतून असल्याने इंग्रजी येणे हीच पहिली चाळणी होती. १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीतील भाऊ दाजी लाड हे त्यापूर्वी एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक होते.

३/ १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यकीय पदवीच्या वाटेवर मॅट्रिक्युलेशन परीक्षा उभी राहिली. मुलींना त्या परीक्षेपर्यंत नेणाऱ्या शाळाच दुर्मीळ होत्या. त्यावर आणखी एक अट होती : विद्यार्थी पुरुष असावा. ग्रँटचे दार स्त्रियांसाठी उघडले ते १८८३ मध्ये.

४/ आनंदीबाईंचा विवाह नवव्या वर्षी झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले. पती गोपाळराव टपाल खात्यात; त्यांच्या बदल्यांबरोबर बाईंचे शिक्षण कधी घरी, कधी मिशनच्या शाळेत होत राहिले. मॅट्रिकचे प्रमाणपत्र त्यांच्याजवळ नव्हते.

५/ अमेरिकेत चित्र निराळे होते. तेथील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये आधीची पदवी मागत नसत. जॉन्स हॉपकिन्सने ती अट घातली १८९३ मध्ये. मात्र अमेरिकेतही अनेक महाविद्यालयांत स्त्रियांना मज्जाव होता. हार्वर्डच्या वैद्यकीय शाखेने त्यांना प्रवेश दिला थेट १९४५ मध्ये. फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० पासून केवळ स्त्रियांसाठी चालत होते.

६/ २८ जून १८८३ रोजी आनंदीबाईंनी या महाविद्यालयाला पत्र लिहिले. त्यांचा मुख्य युक्तिवाद असा : आप्त आणि ज्ञातिबांधव यांचा एकवटलेला विरोध पत्करून मी येथवर आले, तो निर्धार विचारात घ्यावा, माझ्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात.

७/ अधिष्ठात्री रेचल बॉडली यांच्या महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. पुढे मात्र सवलत नव्हती. अभ्यासक्रम आणि परीक्षा सर्वांना सारख्याच. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

८/ कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाचे पद त्यांची वाट पाहत होते. ते स्वीकारण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे २१.

९/ मुंबईची अट उमेदवाराने आजवर काय शिकले हे विचारत होती. फिलाडेल्फियाची, पुढे शिकण्याची तयारी आहे का, हे. ज्या समाजाने मुलींना शाळाच दिली नाही, तेथे पहिला प्रश्न गुणवत्तेची परीक्षा घेत नव्हता. संधी कोणाला मिळाली, एवढेच तो नोंदवत होता. कोणतीही प्रवेशाची अट वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा.