वायुकोशीय द्रवनिचरा (रक्तप्रवाह खंडित झाल्यानंतरचा)

फुप्फुसाचा रक्तप्रवाह थांबून पुन्हा सुरू झाला की वायुकोशांत द्रव साचू शकतो. तो शोषून वायुकोश पुन्हा हवेसाठी मोकळे करण्याची क्रिया म्हणजे द्रवनिचरा. फुप्फुस-प्रतिरोपणात याची कसोटी लागते.

इतर इंद्रियांचे रक्त तोडले की प्राणवायूही तुटतो. फुप्फुसात हवा असेल तर पेशींना तो काही काळ थेट मिळत राहतो. म्हणून दात्याचे फुप्फुस बहुधा अर्धवट फुगवून, थंड करून नेतात. घात होतो तो बहुधा रक्त परत आल्यावर. केशिकांच्या भिंती झिरपू लागतात आणि प्रथिनयुक्त द्रव वायुकोशांत उतरतो. प्रकार तीव्र असेल तर रुग्णाच्या श्वासनळीतल्या नळीतून गुलाबी फेस येतो.

हे पाणी केवळ दाबांच्या फरकाने परत ओढले जाते, असा समज बराच काळ होता. १९८२ मध्ये मायकेल मॅथे व सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या फुप्फुसांत त्यांच्याच रक्ताचा द्रवभाग सोडला. काही तासांत पाणी घटले, प्रथिने मात्र मागे राहून दाट झाली. इतकी दाट प्रथिने पाणी उलट धरून ठेवायची; तरी ते जात होते. म्हणजे कोणीतरी उपसा करत होते. ते काम वायुकोशांच्या अस्तरपेशींचे. हवेकडच्या बाजूने सोडियम मार्गिकांतून आत येते, मागच्या बाजूचे सोडियम-पोटॅशियम पंप ते बाहेर टाकतात, आणि मिठामागे पाणी जाते. या मार्गिकेचा एक घटक नसलेले उंदीर जन्मानंतर दोन दिवसही जगले नाहीत (१९९६). त्यांची फुप्फुसे ओलीच राहिली.

या उपशाला वाहते रक्त लागत नाही, ही यातली सर्वांत नवलाची गोष्ट. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी फुप्फुसात रक्त अजिबात फिरत नसतानाही, शरीराइतकी ऊब दिल्यावर निचरा चालू असल्याचे आढळले. सोडियमच्या मार्गिका अडवणारे अमिलोराइड हे औषध घातले की तो मंदावतो. थंडीत पंप जवळजवळ निजतात. अस्तर फाटले असेल तर मात्र ऊब देऊनही उपयोग नाही.

निचरा मोजण्याची रीत साधी आहे: नळीतून काही तासांच्या अंतराने द्रवाचे दोन नमुने घ्यायचे, दुसऱ्यात प्रथिने दाट झाली असतील तर पाणी उपसले जात आहे. औषधाने हा वेग वाढवणे तितके सोपे ठरलेले नाही. प्रयोगशाळेत आशादायक वाटलेले साल्ब्युटामॉल तीव्र श्वसनविकाराच्या रुग्णांना शिरेतून देण्याची ब्रिटनमधील चाचणी मृत्यू वाढल्याने मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.