इच्छा कोणाच्या हवालीं करावयाची?

स्वतःची इच्छा देवाच्या हवालीं करणें ही ख्रिस्ती साधनेंतील बहुधा सर्वांत कठीण पायरी होय. गेथशेमाने बागेंत येशूनें मरणाच्या आदल्या रात्रीं केलेली प्रार्थना हा तिचा आदर्श मानतात. पण ही इच्छा सोंपवावयाची कोणाच्या हातीं? देवाच्या, कीं देवाच्या नांवानें बोलणाऱ्या माणसांच्या? पंडिता रमाबाईंना हा प्रश्न फार छळीत होता.

त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें मुलीला. पुढें दुष्काळांत आईबाप गेले. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली. अशी बाई कोणाच्या मुठींत राहील, ही अपेक्षाच मुळीं चुकीची होती.

सप्टेंबर १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेथील सिस्टर जेराल्डीन यांना त्या प्रेमानें 'आजीबाई' म्हणत. पण या आजीबाईंशींच त्यांचा कडाक्याचा वाद जुंपला. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीला पटेना. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजांत त्या शिकत व शिकवीत असतां त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावें अशी सूचना निघाली, तर हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. गर्व सोडा, वडीलधाऱ्यांचें ऐका, असा उपदेश त्यांना होऊं लागला. रमाबाईंचें उत्तर थोडक्यांत असें कीं, एका पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें झुगारल्यावर दुसऱ्याचें मानेवर घेण्यास मी तयार नाहीं. हा पत्रव्यवहार १९७७ सालीं पुस्तकरूपानें निघाला. तो वाचतांना दोन्ही पक्षांचा प्रामाणिकपणा जाणवतो; तरी, माझ्या मतें, नम्रता व आज्ञाधारकपणा यांची गल्लत सिस्टरच करीत होत्या.

मग समर्पण कोठें आलें? १९०७ सालीं लिहिलेल्या आत्मनिवेदनांत रमाबाईंनीं स्वतःविरुद्धच साक्ष दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांना उमगलें कीं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला, ख्रिस्त नव्हे. म्हणजे आजवर सत्याची निवड करणारी बुद्धि आपली, आणि निवडीचें समाधानही आपलें! येथें त्या शरण गेल्या. मात्र माणसांपुढें त्या पूर्वीपेक्षां मवाळ झाल्या, असें मुळींच नाहीं. १८८९ सालीं मुंबईंत काढलेलें 'शारदा सदन' पुढील वर्षीं पुण्यास आलें. तेथें मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात म्हणून १८९३ सालीं गहजब झाला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, पालकांनीं मुली काढून नेल्या. प्रार्थनेचें दार त्यांनीं लावलें नाहीं. सल्लागारांची अडचणही, अर्थात्, खोटी नव्हती. त्यांना पालकांपुढें उत्तर द्यावयाचें होतें. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं शेंकडों अनाथ मुली आणिल्या आणि केडगांवचें 'मुक्ति सदन' भरून गेलें.

खरी कसोटी उतारवयांत लागली. एकुलती एक मुलगी मनोरमा हीच संस्थेचा भार वाहील अशी आशा होती. ती १९२१ सालीं गेली. त्या वेळीं रमाबाई हिब्रू व ग्रीक मुळावरून बायबलाचें मराठी भाषांतर करीत होत्या, साध्या बायकांना समजेल अशा भाषेंत. तें काम त्यांनीं सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें, तेव्हां भाषांतर हातावेगळें झालेलें होतें. छपाई केडगांवींच, आश्रमांतल्या छापखान्यांत, तेथल्याच बायकांच्या हातून झाली.