फ्रान्समधील सूर्यफूल, मधमाशी आणि इमिडाक्लोप्रिड

इमिडाक्लोप्रिड हे निओनिकोटिनॉइड वर्गातील कीटकनाशक इ.स. १९९१ मध्ये बाजारात आले. ते आंतरप्रवाही असल्याने बीजप्रक्रियेद्वारे दिले तरी रोपाच्या सर्व भागांत पोहोचते. फवारणी टळते, हाच त्याच्या सुरक्षिततेचा मुख्य आधार मानला गेला. फ्रान्समध्ये इ.स. १९९४ पासून 'गाउचो' या नावाने सूर्यफुलाच्या बियाण्यावर त्याचा वापर होऊ लागला. लवकरच, बहराच्या काळात माश्या पोळ्याकडे परतत नाहीत व मध घटतो, अशा तक्रारी मधमाशीपालकांनी मांडल्या.

वादाचे मूळ मोजमापात होते. प्रचलित चाचणी मेलेल्या माश्या मोजत असे. परागकणांतील अंश मात्र अब्जात काही भाग इतकाच होता. एवढ्याने माशी तत्काळ मरत नाही, पण वाट चुकू शकते. मधमाशीपालकांचे निरीक्षण चाचणीच्या चौकटीत बसत नव्हते. ते चुकीचे होते असे नव्हे.

जानेवारी १९९९ मध्ये फ्रान्सने पूर्ण पुराव्याची वाट न पाहता सूर्यफुलावरील वापर स्थगित केला, इ.स. २००४ मध्ये मक्यावरील वापरही थांबविला. युरोपीय संघाने इ.स. २०१३ मध्ये मर्यादित, तर २०१८ मध्ये उघड्या शेतातील संपूर्ण वापरावर बंदी घातली.

इ.स. १९९९ नंतरही पोळ्यांची हानी थांबली नाही, हे कीटकनाशकाच्या समर्थकांना त्याच्या निर्दोषत्वाचे प्रमाण वाटले. परंतु बियाण्यावरील औषधाचा अल्प भागच रोप शोषते. उर्वरित मातीत राहते. आधी प्रक्रियायुक्त पीक घेतलेल्या जमिनीत पुढे प्रक्रियेविना पेरलेल्या सूर्यफुलातही त्याचे अंश आढळले.