एमएफआय म्हणजे काय? वितळलेलं प्लास्टिक किती वाहतं, हे असं मोजतात

प्लास्टिकचा दाणा विकत घेताना त्याच्या माहितीपत्रकावर एक आकडा हमखास असतो: एमएफआय, म्हणजेच मेल्ट फ्लो इंडेक्स. वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं, ते यावरून कळतं.

मोजायचं यंत्र शेवेच्या सोऱ्याचा भाऊच म्हणा. उभ्या, तापलेल्या नळीत थोडा दाणा भरतात. तो वितळला की वरच्या दट्ट्यावर ठरलेलं वजन ठेवतात आणि खालच्या 2.095 मिलिमीटरच्या छिद्रातून धागा बाहेर येऊ लागतो. 10 मिनिटांत जितके ग्रॅम बाहेर पडतील तो एमएफआय. पूर्ण 10 मिनिटं थांबायची गरज नसते. ठरावीक सेकंदांनी धागा कापून त्याचं वजन करतात. 30 सेकंदांत 0.2 ग्रॅम आलं, तर एमएफआय 4.

प्लास्टिकचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या. त्या जितक्या लांब, तितक्या एकमेकींत गुंततात. प्लास्टिक कमी वाहतं आणि आकडा लहान येतो. पण ताकदही याच गुंत्यातून येते. म्हणून पाण्याच्या एचडीपीई पाइपला लहान आकड्याचा दाणा लागतो, तर साचा पटकन भरावा म्हणून पातळ डब्याला मोठ्या आकड्याचा.

खरी गोम पुनर्वापराच्या मालात असते. पॉलिप्रॉपिलीन पुन्हा पुन्हा वितळवलं की साखळ्या तुटतात आणि एमएफआय वाढतो. साच्यात माल छान जातो, पण खुर्ची ठिसूळ होते. म्हणूनच पाय मोडलेल्या खुर्चीच्या तुकड्याचा एमएफआय मूळ दाण्याशी ताडून पाहतात. बराच वाढलेला दिसला, तर साखळ्या तुटल्याचा संशय बळावतो. पॉलिथिलीनमध्ये उलटही घडतं: साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि आकडा घटतो.

नुसता आकडा विचारून मात्र फसगत होते. पॉलिप्रॉपिलीन साधारणपणे 230 अंश सेल्सिअसला, 2.16 किलोखाली मोजतात. पॉलिथिलीन 190 अंशांना, आणि पाइपचा दाणा बहुधा 5 किलोखाली. वजन वाढलं की त्याच दाण्याचा आकडाही वाढतो. शिवाय मोल्डिंग मशीनमध्ये प्लास्टिक याहून कितीतरी वेगाने ढकललं जातं. त्यामुळे सारख्या आकड्याचे दोन दाणे साच्यात वेगळे वागू शकतात.

नायलॉन किंवा पेटचा दाणा आधी नीट वाळवावा लागतो. ओल राहिली, तर तापलेल्या नळीत पाणीच साखळ्या तोडतं आणि चांगल्या मालाचाही आकडा फुगलेला येतो.