चोपाऊचा पाईप

आरएक्स-हंड्रेडचं नाव काढलं की आपल्याकडे पंचविशीतला मुलगा आणि पंचावन्नचे काका सारखेच हळवे होतात. गाडी आली १९८५ साली, बंद झाली १९९६ साली. इंजिन जेमतेम ९८ सीसीचं, ताकद ११ बीएचपी. पण आजही एखादी चांगली राखलेली आरएक्स सिग्नलला उभी असली की मान वळतेच. आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांना कंपनीचा सायलेन्सर नसतो. त्या जागी असतो एक विचित्र आकाराचा पाईप, म्हणजे सुरुवातीला बारीक, मग फुगत गेलेला, मग पुन्हा निमुळता, आणि शेवटी बोटाएवढी नळी. अजगराने बोकड गिळल्यासारखा. याला म्हणतात एक्स्पान्शन चेंबर.

"चेंबर बसवला की आवाज कडक येतो आणि पिकअप वाढतो," असं कुठलाही मेकॅनिक सांगेल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गंमत अशी की हा पाईप मुळात आवाजासाठी बनलाच नव्हता. तो बनला शीतयुद्धाच्या काळात, पूर्व जर्मनीतल्या एका पडझड झालेल्या कारखान्यात. आणि जगभर पसरला तो एका रात्रीत झालेल्या पलायनामुळे. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे. मग आपल्या रस्त्यावरच्या 'फटाक्यां'कडे येऊ.

आधी थोडं तांत्रिक. कंटाळू नका, फार नाही.

टू-स्ट्रोक इंजिनात वाल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणायचं. पिस्टन खाली जाताना आधी एक्झॉस्टचं भोक उघडतं आणि जळालेला वायू बाहेर धावतो. मग दुसरी भोकं उघडतात आणि ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. पिस्टन वर येताना उलटा क्रम, म्हणजे ताज्या मिश्रणाचं दार आधी बंद, एक्झॉस्टचं सगळ्यात शेवटी. घोळ इथेच आहे. मधल्या काळात दोन्ही दारं उघडी असतात, त्यामुळे आलेलं ताजं मिश्रण थेट बाहेर निघून जातं. पेट्रोलही वाया आणि ताकदही.

गर्दीची एसटी डोळ्यांपुढे आणा. पुढच्या दाराने लोक चढतायत, मागच्या दाराने उतरतायत, आणि रेट्यामुळे काही नुकतेच चढलेले बिचारे मागच्या दारातून पुन्हा खाली! आता मागच्या दारात एक खमका कंडक्टर उभा केला तर? तो आधी उतरणाऱ्यांना हाताला धरून बाहेर ओढेल, मग चुकून उतरलेल्यांना परत आत ढकलेल आणि दार लावून घंटी मारेल. एक्स्पान्शन चेंबर म्हणजे हा कंडक्टर.

तो हे करतो आवाजाच्याच लाटेने. एक्झॉस्ट उघडलं की दाबाची एक लाट पाईपमधून निघते. पाईप जिथे रुंद होत जातो तिथून ओढ लावणारी लाट मागे परतते आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचते. पुढे पाईप निमुळता होतो, तिथे आपटून दाबाची लाट परत येते आणि पाईपमध्ये पळालेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. तेवढ्यात पिस्टन दार लावतो. ना पंप, ना पट्टा, ना एकही हलणारा भाग. नुसता पत्रा आणि भूमिती.

पण वेळ साधली पाहिजे. हिशोब करून बघू. ७५०० आरपीएमला एक फेरा ८ मिलिसेकंदात होतो. एक्झॉस्टचं दार साधारण अर्धा फेरा उघडं, म्हणजे ४ मिलिसेकंद. गरम वायूत लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावते, म्हणजे ४ मिलिसेकंदात २ मीटर. जाऊन परत यायचं आहे, म्हणून पाईप सुमारे एक मीटरचा. आता हाच पाईप ४००० आरपीएमला बघा. लाट फार लवकर परत येते, दार उघडंच असतं, आणि कोंबलेलं मिश्रण पुन्हा बाहेर. म्हणून चेंबर लावलेली गाडी खालच्या वेगात मरगळलेली वाटते आणि एका ठरावीक आरपीएमला अचानक उसळते. ज्याला आपण 'पॉवरबँड' म्हणतो तो हाच.

आता गोष्ट.

जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात चोपाऊ नावाचं छोटं गाव आहे. डीकेडब्ल्यू या कंपनीचा मोटारसायकलचा कारखाना तिथला. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग रशियनांच्या ताब्यात गेला, यंत्रसामग्री उचलून नेली गेली, आणि जे उरलं त्यातून पूर्व जर्मन सरकारने पुन्हा कारखाना उभा केला. पुढे त्याचं नाव झालं एमझेड. १९५३ साली तिथल्या रेसिंग विभागाची सूत्रं वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरकडे आली. युद्धकाळात हा गृहस्थ क्षेपणास्त्रांच्या कामावर होता. आता त्याच्याकडे होतं १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तुटपुंजं बजेट आणि चार-दोन माणसं. समोर होते इटालियन कारखाने, आणि १९५९ पासून होंडा. दोघांकडेही अव्वल दर्जाची फोर-स्ट्रोक इंजिनं. त्या काळी टू-स्ट्रोक म्हणजे गरिबाची गाडी, रेसमध्ये तिचं काय काम, असा सूर होता.

फुगीर पाईपची कल्पना काडेनच्या आधीही होती. डीकेडब्ल्यूच्याच एरिख वोल्फ या इंजिनिअरने रेसच्या गाड्यांवर ती वापरली होती. काडेनचं मोठेपण हे की त्याने अंदाजपंचे पाईप कापणं थांबवलं. पाईपमधल्या लाटा ऑसिलोस्कोपवर बघितल्या आणि कुठल्या आकाराने काय होतं ते मोजलं. जोडीला मिश्रण आत घेण्यासाठी फिरत्या चकतीचा वाल्व्ह आणला, तोही डॅनिएल झिमरमन नावाच्या दुसऱ्या एका हौशी माणसाच्या गाडीवरून शिकून. प्रत्येक बदल तपासायचा, नोंदवायचा, टिकला तर ठेवायचा. आमच्या क्षेत्रात डीबगिंग करताना जे करावं असं सगळे सांगतात आणि फारसं कुणी करत नाही, ते हा माणूस पत्रा कापून करत होता. १९६१ पर्यंत त्याचं १२५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवर देऊ लागलं, म्हणजे लिटरला २००. टर्बो-सुपरचार्जर न लावता तिथवर तोपर्यंत कुणी पोचलं नव्हतं.

त्याचा मुख्य रायडर होता एर्न्स्ट डेग्नर. नुसता रायडर नाही, इंजिनातलं पक्कं कळणारा. १९६१ च्या सीझनमध्ये डेग्नर १२५ सीसीच्या जागतिक विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. त्याच वर्षी १३ ऑगस्टला बर्लिनची भिंत उभी राहू लागली. सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडला शर्यत होती. डेग्नरची बायको आणि दोन मुलं मोटारीत लपून सीमा ओलांडून पश्चिम जर्मनीत पोचली. शर्यतीत डेग्नरचं इंजिन बंद पडलं, आणि शर्यत संपल्यावर तो चोपाऊला परतलाच नाही. आधीच सुझुकीशी त्याची बोलणी झाली होती. पूर्व जर्मनीने लायसन्स रद्द केल्याने शेवटची शर्यत त्याला धावता आली नाही आणि विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसकडे गेलं. डेग्नर गेला जपानला, हमामात्सूला, सुझुकीच्या कारखान्यात. सोबत होतं काडेनचं आठ वर्षांचं काम.

त्याआधी सुझुकीच्या रेसच्या गाड्यांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. १९६२ मध्ये ५० सीसीचा नवा गट सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी डेग्नर सुझुकीवर विश्वविजेता झाला. टू-स्ट्रोकचं हे पहिलं जागतिक विजेतेपद. चोपाऊत काडेनने ती बातमी कशी ऐकली असेल कोण जाणे. मग यामाहाही टू-स्ट्रोक घेऊन पुढे आली, आणि १९७५ ते २००१ सलग सत्तावीस वर्षं सर्वात मोठ्या ५०० सीसी गटाचं विजेतेपद टू-स्ट्रोकनेच जिंकलं. प्रत्येक गाडीच्या पोटाखाली तोच फुगीर पाईप.

डेग्नर चोर की जुलमी राजवटीतून निसटलेला बाप? मला वाटतं दोन्ही. घरच्यांना भिंतीपलीकडे काढायचं तर विकण्यासारखं त्याच्याकडे हेच होतं. फक्त ते त्याचं एकट्याचं नव्हतं.

आता एक धागा बघा. यामाहाची अगदी पहिली मोटारसायकल म्हणजे १९५५ ची वायए-वन. जपानी लोक तिला लाडाने 'लाल चतुर' म्हणत. ती बेतली होती डीकेडब्ल्यूच्या आरटी-१२५ वर, म्हणजे चोपाऊच्याच गाडीवर. त्याच यामाहाची आरएक्स पुढे भारतात आली. म्हणजे आपला एखादा आरएक्सवाला गॅरेजमध्ये चेंबर बसवून घेतो, तेव्हा चोपाऊचं खानदान असलेल्या गाडीला चोपाऊतच घडलेला पाईप लागतो. योगायोग असा की काडेन वारला १९९६ साली, आणि आरएक्स-हंड्रेड बंद झाली तीही त्याच साली.

असो. आता आपल्या रस्त्यावर येऊ.

काडेनच्या पाईपचा आवाज कर्कश होता, पण तो कामाबरोबर फुकट आलेला. आपल्याकडच्या बाजाराने नेमकं उलटं केलं. काम सोडलं आणि आवाज विकायला काढला. आरएक्सच्या मूळ सायलेन्सरच्या शेपटाचा स्क्रू काढला की आतली बॅफलची नळी बाहेर येते. ती काढून फेकली की आवाज लगेच वाढतो. ताकद? सायलेन्सर कार्बनने तुंबलेला असेल तर मोकळा झाल्याचा फरक पडेल, पण तो नळी साफ करूनही पडला असता.

बुलेटसारख्या फोर-स्ट्रोकला तर हा खेळ आणखी कमी लागू पडतो. तिथे वाल्व्ह असतात, बेंड पाईपची लांबी आणि जाडी यांनी थोडाफार फरक पडतो, पण नुसता मागचा डबा बदलून कागदावर दिसेल एवढी ताकद क्वचित मिळते. बदलतो तो सूर. भोकांच्या नळीभोवती ग्लासवूल भरलेलं असतं, ते मुख्यतः वरच्या पट्टीतला चिरका आवाज खातं. डब्याचं आकारमान खालची धडधड आवरतं. शेवटची छोटी नळी, जिला 'डीबी किलर' म्हणतात, ती बाहेर पडणारा झोत अडवते. ग्लासवूल जळून गेलं की महागडा सायलेन्सरही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. म्हणजे आवाज गोड हवा असेल तर वूल वेळेवर बदला, डीबी किलर काढू नका. आणि कार्बोरेटरवाल्या गाडीत एक्झॉस्ट मोकळा केला तर जेटही बघून घ्यावे लागतात, नाहीतर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. बुलेटचे ते प्रसिद्ध 'फटाके' म्हणजे तर चालत्या गाडीत इग्निशन बंद-चालू करून न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटवणं. काडेनने जे पेट्रोल वाचवायला आयुष्य घातलं, तेच मुद्दाम पाईपमध्ये जाळायचं!

शेजाऱ्यांशी भांडण मात्र जुनं आहे. इंग्लंडमधला ब्रुकलँड्सचा ट्रॅक १९०७ साली सुरू झाला आणि लगेच आसपासचे रहिवासी कोर्टात गेले. १९२० च्या दशकात तिथे रेसच्या गाड्यांनाही ठरावीक सायलेन्सर सक्तीचा झाला. मागे माशाच्या शेपटीसारखा चपटा झालेला तो 'ब्रुकलँड्स कॅन' पुढे इतका फॅशनेबल ठरला की लोक रस्त्यावरच्या गाड्यांना हौसेने लावू लागले. म्हणजे आवाज कमी करणारी वस्तूसुद्धा मिरवता येते, हे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सरबद्दलच आहे, आणि कारखान्यातून निघणाऱ्या १७५ सीसीवरच्या दुचाकीला साडेसात मीटरवरून ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचं गणित फसवं असतं. १० ने आकडा वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते. रात्री साडेअकराला सोसायटीतून जाणाऱ्या एका गाडीने किती झोपा मोडतात याचा हिशोब लाटेच्या वेगाच्या हिशोबाहून सोपा आहे, आणि ज्यांच्या मोडतात त्यांनी त्या पाईपचे पैसे दिलेले नसतात.

पाईप बदलणाऱ्यांना नावं ठेवायचा माझा विचार नाही. हौस हवीच. पण पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कुणी कडक आवाजाचा पाईप दाखवला तर एकच विचारा, हा कुठल्या इंजिनासाठी आणि किती आरपीएमसाठी बनवलाय? उत्तर आलं तर समोरच्याला थोडाफार काडेन कळलाय असं समजा. नाही आलं, तर तो आवाज विकतोय. तो घ्यायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त ऐकणार आहे सगळी गल्ली.