तीन सेल

आमच्या खारेपाटात बॅटरी म्हणजे हातातली टॉर्च, आणि तिच्या पोटात घालतात ते सेल. शाळेत मास्तरांनी सेललाच बॅटरी म्हटलं, पण आमची जीभ काही वळली नाही. इथंही मी आमच्याच पद्धतीनं लिहिणार.

तशी वीज आमच्या जिल्ह्याला नवी नव्हती. टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही तिन्ही जुनी वीजकेंद्रं आमच्या कुलाबा जिल्ह्यातलीच. त्याचा रायगड झाला १९८१ साली. माझं आजोळ रोह्याकडचं, कोलाडजवळ. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याला येतं, तिथली चक्रं फिरवतं आणि कुंडलिकेला मिळतं. त्या धरणासाठी मुळशीच्या लोकांच्या जमिनी गेल्या. सेनापती बापटांसोबत त्यांनी सत्याग्रह केला, तरी गेल्याच. वीज तारांवरून मुंबईला जायची. मामा चिमणीच्या उजेडात जेवता जेवता म्हणायचा, "पाणी आपल्याकडं, उजेड तिकडं."

इकडे पेणच्या बाजूला आमच्या गावात पुढे खांब आले. पण पावसात लाईट गेली की आठवडा आठवडा यायची नाही. मग कंदील, आणि बांधावर जायला बॅटरी. सेल पेणच्या बाजारातून यायचे. लाल रंगाचे, वर नऊच्या आकड्यातून उडी मारणारं मांजर. बाबा ते मिठासारखे मोजून वापरत. लहानपणी मी एक मेलेला सेल दगडानं फोडला होता. बाहेर जस्ताचं डबडं, मध्ये कोळशाची कांडी, भोवती काळी भुकटी. त्या कांडीनं आम्ही भिंतीवर रेघोट्या ओढायचो. नवसागराच्या लगद्यात जस्त हळूहळू झिजतं, आणि त्या झिजण्यातूनच वीज निघते. जुना सेल फुटून पाणी सोडतो तो त्यामुळेच, डबडंच खाल्लं गेलेलं असतं. फ्रान्सच्या लेक्लांशे नावाच्या माणसानं १८६६ साली हा सेल काचेच्या बरणीत ओला केला होता, पुढे वीसेक वर्षांनी तो कोरडा झाला. हे सगळं मी फार उशिरा वाचलं.

घरातला नियम मात्र न वाचता ठाऊक होता. नवे सेल बॅटरीला. तिथं मंद झाले की रेडिओला. बॅटरीचा दिवा वीज गटागटा पितो, रेडिओ घोट घोट घेतो. त्यामुळे बॅटरीत मेलेले सेल रेडिओत आणखी पंधरा दिवस जगत. तिथंही मेले की कौलावर उन्हात. ऊन लागलं की घटकाभर बोलत. आमच्या रेडिओला तीन सेल लागत, बॅटरीलाही तीनच.

२५ जून १९८३. ज्येष्ठ पौर्णिमा. लॉर्ड्सवर वर्ल्ड कपची फायनल, आपले १८३ वर आऊट. शेजारच्या ओटीवर अर्धी आळी जमली होती, रेडिओ आमचा. वेस्ट इंडीजची बॅटिंग सुरू झाली आणि आवाज बसत चालला. मी घरात गेलो. बाबा झोपले होते, कारण पौर्णिमेचं उधाण मध्यरात्रीनंतर भरणार आणि त्या रात्री बांधाची राखण आमच्या घराची. मी बॅटरीतले नवे तीन सेल काढले आणि रेडिओतले मेलेले तीन तिच्यात घालून झाकण घट्ट फिरवलं. तेवीस वर्षांचा घोडा होतो, पोर नव्हतो.

बाबा उठले, दारात बटण दाबून पाहिलं. लागली. मेलेला सेल थोडा विसावा मिळाला की मिनिटभर असाच फसवतो. ते बांधावर गेले. आभाळ भरलेलं, पौर्णिमा असून चांदणं नाही. तिथं बॅटरी आधी विडीच्या टोकासारखी लाल झाली, मग गेली. बांधाला खेकड्यांची बिळं असतात. उधाणाचं पाणी त्यातून आत झिरपायला लागतं तेव्हाच चिखल कोंबला तर थांबतं. ते त्यांना दिसलं नाही. पायाला पाणी लागलं तेव्हा भोक टोपलीएवढं झालेलं. आपण ४३ धावांनी जिंकलो, आम्ही ओटीवर नाचत होतो, आणि बाबा चिखलानं माखलेले धावत आले, "पानी आयलं!"

आळी धावली, पण खांड गेलीच. सकाळी नुकतं रहू टाकलेलं शेत खाऱ्या पाण्याखाली होतं. मीठ धुऊन निघायला पावसाळे जावे लागतात. त्या तुकड्यात दोन वर्षं धड भात पिकला नाही, आणि खारातल्या माणसानं तांदूळ विकत आणला. बाबांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. पत्रे उडाले, खांब आडवे झाले, वीज कित्येक दिवस नाही. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होते तेही दुसऱ्या दिवशी गप्प. भरायला वीजच नाही तर ते काय देणार? मोबाईल भरायला आळी माझ्या ट्रॅक्टरभोवती जमली. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची. शिशाच्या पट्ट्या, तेजाब, दोन दोन व्होल्टचे सहा कप्पे. इंजिन चालू केलं की पुन्हा भरते, पण त्यालाही डिझेल लागतंच. पोरांनी वायरी जोडून एका वेळी चार चार फोन लावले.

५ तारखेला वटपौर्णिमा होती, म्हणजे रात्री पुन्हा उधाण. मी बांधावर निघालो. आताच्या बॅटरीत एलईडी दिवा, तीन सेलांवर रात्र रात्र चालतो. बाबा तेव्हा नव्वदीला टेकलेले, खाटेवर पडून होते.

"सेल नवं हायत ना?" त्यांनी विचारलं.

मी बटण दाबून दाखवलं.

"नुसती लावून दाखवू नको," ते म्हणाले. "जराशी पेटती ठेव."

मी बॅटरी पेटती धरून त्यांच्या खाटेशी उभा राहिलो, ते "जा" म्हणेपर्यंत.